गडचिरोलीचे संशोधन माणदेशात येताना काय गळून पडते?

माणदेशी, दहिवडी:
अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी आढळल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. देशाचा कार्यक्रम म्हणून हे काम २०११ मध्ये सुरू झाले. बारा वर्षे गेली याचे दुःख आहेच, परंतु त्याहून अधिक नुकसान स्वीकारताना झालेल्या काटछाटीने केले असे मला वाटते. तिथली कार्यकर्ती वजन व ताप मोजायची, जंतुदोष ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायची आणि तिच्या कामावर नियमित देखरेख असायची. आपल्या आशाताईंच्या वाट्याला मुख्यतः भेटींचे वेळापत्रक, तक्ता आणि अडीचशे रुपयांचा मोबदला आला. माझ्या भाचीच्या बाळाचे वजन तर बिघडलेल्या काट्यामुळे अंदाजानेच तक्त्यात लिहिले गेले.

कोयनाकाठ, कराड:
मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि तुमच्याशी सहमत नाही. नव्वदच्या दशकात गडचिरोलीत बहुतेक बाळंतपणे घरीच होत असत, आज साताऱ्यात ती रुग्णालयात होतात; म्हणून तेव्हाचा उपाय जसाच्या तसा मागणे योग्य नव्हे. आज अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची बाळे पहिल्या काही दिवसांत दगावतात. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवल्याने पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी नवजात कक्षात आईसाठी खाट हवी, आणि आपल्याकडे अजूनही अनेक ठिकाणी आईला दाराबाहेर बसवले जाते. निधी आधी तिथे द्यावा.

जतकर:
डॉक्टरसाहेब, खाट मिळालीच पाहिजे, पण तिसऱ्या दिवशी घरी सोडलेल्या बाळाचे पुढे काय? आमच्याकडे पहिलटकरीण माहेरी येते, काही जणी विजापूर भागातून येतात, आणि महिन्या-सव्वा महिन्याने सासरी परततात. नाव सासरच्या यादीत आणि बाळ माहेरात, त्यामुळे भेट कोणी द्यायची हेच ठरत नाही, आणि मोबदला कोणाला या प्रश्नावर दोन्ही गावच्या आशाताई अडतात. वाळव्यात बीडहून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची बाळे तर पाचटाच्या कोपीत असतात आणि कोणत्याच गावच्या यादीत नसतात. गडचिरोलीच्या अभ्यासात गाव ठरलेले होते, प्रत्येक जन्माची नोंद होती. धोरण करणाऱ्यांनी उपाय उचलला, पण ज्या नोंदीवर तो उभा होता ती उचलली नाही.

कोयनाकाठ, कराड:
माहेरचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि डिस्चार्जच्या कागदावर बाळ पुढे कोणत्या गावी जाणार ते लिहून तिथल्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवणे रुग्णालयाला सहज जमण्यासारखे आहे. मात्र देखरेखीविना आशाताईंच्या हाती इंजेक्शन द्यायला माझा विरोध कायम आहे.

माणदेशी, दहिवडी:
देखरेखीविना द्या असे मीही म्हणत नाही. देखरेखच तर गळून पडली आहे. आशाताईंच्या काट्याची महिन्यातून एकदा तपासणी आणि त्यांच्या दहापैकी दोन भेटींना गटप्रवर्तकाची, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या कार्यकर्तीची, प्रत्यक्ष हजेरी, एवढे पाळले गेले तरी तक्त्यातले वजन खरे असेल.