गेस्टच्या आतला हार्डवेअर वॉचपॉइंट लागतच नाही (केव्हीएम, एक्स८६)

बिटखोदू:
मंडळी, जरा डोकं चालवा. क्यूएमू (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम, खाली लिनक्स कर्नलमधलं केव्हीएम) मायनस एस देऊन चालू केलंय, होस्टवरून, म्हणजे खऱ्या मशीनवरून, जीडीबी हा डीबगर १२३४ पोर्टला जोडलाय आणि गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या, कर्नलच्या एका फंक्शनवर एचब्रेक (हार्डवेअर ब्रेकपॉइंट) लावलाय. तिकडे गेस्टच्या आत वेगळा जीडीबी आहे, एका छोट्या प्रोग्रामवर, त्यात एका ग्लोबल व्हेरिएबलवर वॉच, म्हणजे त्याची व्हॅल्यू बदलली की थांब. आतला जीडीबी आनंदाने "हार्डवेअर वॉचपॉइंट १" असं छापतो, एरर नाही काही नाही, व्हेरिएबल बदलतो पण थांबायचं नावच नाही. होस्टवरचा एचब्रेक मात्र दर वेळी बरोबर लागतो. होस्टचा जीडीबी जोडलाच नाही तर आतला वॉच एकदम झकास चालतो. पत्ते ठेवायला सीपीयूत डीबग रजिस्टर चार असतात ना, डीआर० ते डीआर३, मी दोनच वापरतोय, मग भांडण कशाचं?

रिंगशून्य:
चार आहेत पण होस्ट आणि गेस्ट ते वाटून घेत नाहीत, तिथेच घोळ आहे.

केव्हीएम प्रत्येक व्हीसीपीयूसाठी (गेस्टच्या व्हर्च्युअल सीपीयूसाठी) या रजिस्टरचे दोन संच ठेवतं, एक गेस्टने जे लिहिलंय ते आणि दुसरा जे खरंच हार्डवेअरमधे जाणार ते. एरवी दोन्ही सारखेच असतात. पण तू होस्टवरून एचब्रेक लावलास की क्यूएमू सेट-गेस्ट-डीबग हा आयओसीटीएल (कर्नलला आज्ञा देणारा कॉल) मारतं, त्यात हार्डवेअर ब्रेकपॉइंटचा फ्लॅग असतो, आणि त्या क्षणापासून दुसरा संच पूर्णपणे होस्टचा, डीआर७ (ब्रेकपॉइंट चालू-बंद करणारं रजिस्टर) सकट. तुझा एकच ब्रेकपॉइंट असला तरी उरलेले तीन गेस्टला मिळत नाहीत. गेस्ट डीबग रजिस्टरला हात लावतो तेव्हा एक्झिट होते (गेस्ट थांबून ताबा केव्हीएमकडे येतो), केव्हीएम ती व्हॅल्यू जपून ठेवतं, परत वाचली तर तीच देतं. म्हणून आतल्या जीडीबीला सगळं आलबेल दिसतं. माझ्या मते इथे निदान कुठेतरी वॉर्निंग यायला हवी होती, पण नाही येत.

उपाय सोपा, होस्टवर एचब्रेक काढ आणि साधा ब्रेक लाव. तो गेस्टच्या मेमरीत इंट३ (ब्रेकपॉइंटची इन्स्ट्रक्शन) टाकतो, डीबग रजिस्टरना हात लावत नाही. शेवटचा एचब्रेक डिलीट झाला की गेस्टच्या व्हॅल्यू आपोआप परत लागू होतात, गेस्ट रीस्टार्ट वगैरे काही नको.

पेजफॉल्ट:
वरच्याला +१, फक्त साधा ब्रेक बूटच्या अगदी सुरुवातीला लावू नकोस. मायनस कॅपिटल एस देऊन थांबवलेल्या मशीनमधे कर्नल अजून त्या जागी आलेलाच नसतो, मग तो अनकॉम्प्रेस होऊन तिथे बसतो आणि तुझा इंट३ पुसून टाकतो. तिथे एचब्रेकच पाहिजे, कर्नल उभा राहिला की बदलून टाक. आणि कर्नल कमांडलाइनमधे नोकेएएसएलआर (कर्नलचा पत्ता दर बूटला बदलणं बंद) टाक, नाहीतर सिम्बॉलचे पत्ते जुळणारच नाहीत आणि तू उगाच हायपरवायझरला शिव्या देत बसशील.

अजून एक, डीबग रजिस्टरमधे लिनिअर ॲड्रेस (व्हर्च्युअल पत्ता) असतो, प्रोसेस कुठली ते सीपीयूला माहीत नसतं. गेस्टचं लिनक्स प्रोसेस बदलताना ही रजिस्टर्स स्वतः बदलतं म्हणून आतून ठीक चालतं. होस्टवरून यूजरस्पेसच्या (साध्या प्रोग्रामच्या) पत्त्यावर एचब्रेक लावलास तर त्याच पत्त्यावर कोड असलेली कुठलीही प्रोसेस येऊन आपटेल.

बिटखोदू:
चाललं! एचब्रेक काढला, साधा ब्रेक लावला, आतला वॉच लगेच लागला. धन्यवाद दोघांना.

आता त्यातूनच दुसरा प्रश्न. क्यूएमू बाजूला ठेवून थेट केव्हीएमवर छोटा व्हीएमएम (क्यूएमूसारखा व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) लिहितोय, शिकायला म्हणून. एक्झिक्यूट ब्रेकपॉइंट लावला की एक्झिट-डीबग येतो, मी परत रन करतो, की परत तोच एक्झिट, तोच आरआयपी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता), पुढे सरकतच नाही. डेटावाल्याला, म्हणजे वॉचला, असं होत नाही.

रिंगशून्य:
होणारच, एक्झिक्यूट ब्रेकपॉइंट म्हणजे फॉल्ट, इन्स्ट्रक्शन चालायच्या आधी येतो, त्यामुळे आरआयपी जागचा हलत नाही. डेटा ब्रेकपॉइंट हा ट्रॅप, तो लिहून झाल्यावर येतो. परत रन करण्याआधी आरफ्लॅग्ज या फ्लॅग रजिस्टरमधे आरएफ, म्हणजे बिट १६, सेट कर, तेवढ्या एका इन्स्ट्रक्शनपुरता ब्रेकपॉइंट गप्प बसतो. किंवा जीडीबी करतो तसं कर, ब्रेकपॉइंट काढ, एक स्टेप घे, परत लाव.

कुठला ब्रेकपॉइंट लागला ते गेस्टच्या डीआर६ या स्टेटस रजिस्टरमधे शोधू नकोस. इंटेलवर #डीबी (डीबग एक्सेप्शन) मुळे व्हीएम एक्झिट झाली तर डीआर६ अपडेटच होत नाही, ती माहिती एक्झिट क्वालिफिकेशनमधे येते आणि केव्हीएम ती तुला रन स्ट्रक्चरच्या डीबग भागात देतं. तिथे बघ.

सायलेंटरीडर:
मधेच विचारतो, होस्टवर कोणी डीबग करत नसेल तर #डीबी सरळ गेस्टलाच का नाही देत? एक्झिट वाचेल की.

पेजफॉल्ट:
एएमडीवर केव्हीएम आधी तसंच करायचं. मग २०१५ मधे सीव्हीई-२०१५-८१०४ (नोंदलेली सुरक्षा-त्रुटी) आलं. गेस्टने डेटा ब्रेकपॉइंट अशा जागी लावायचा की #डीबी पोचवताना सीपीयू स्वतःच तिथे हात लावेल, त्यातून परत #डीबी, त्यातून परत, आणि सीपीयू त्यातून बाहेरच येत नाही, होस्टचा तो कोर गेला कामातून. तेव्हापासून #डीबी साधारणपणे अडवतातच आणि गेस्टचा असेल तर परत इंजेक्ट करतात. एक्झिट वाचवायची तर ती डीबग रजिस्टरच्या ॲक्सेसवर वाचवतात, पहिला ॲक्सेस अडवायचा, मग गेस्टच्या व्हॅल्यू खऱ्या रजिस्टरमधे भरून पुढच्या एक्झिटपर्यंत मोकळं सोडायचं.