लंडनला भावाच्या नेहमीच्या गे पबमध्ये जायचंय. कॅबरे, कॅराओके, सोबत आई. मदत हवी आहे

टाका_टाचणी

नमस्कार मंडळी,

मी जुळे सोलापुरात राहते, शिवणकाम करते. शिवलेली नऊवारी ही माझी खासियत. गणपती आणि शिवजयंतीच्या दिवसांत लावणीच्या ग्रुपची कामं असतात, एरवी लग्नाची आणि गॅदरिंगची.

मे महिन्यात आई आणि मी लंडनला धाकट्या भावाकडे जातोय. भाऊ गे आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे आणि तो विषय आमच्याकडे कधीच मार्गी लागला आहे. त्याचा जोडीदार गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात येऊन राहून गेलाय, आईकडून कडक भाकरी मोडून आमटीत कशी कालवायची तेही शिकलाय. त्यामुळे मन कसं मोठं करावं वगैरे सल्ले कृपया नकोत. माझे प्रश्न वेगळे आहेत.

भावाची इच्छा आहे की एका शुक्रवारी आम्ही दोघींनी त्यांच्या नेहमीच्या पबमध्ये यावं. नाव इथे देत नाही. जागा छोटी आहे, आमच्या दुकानाच्या गाळ्यासारखे दोन गाळे जोडले तर होईल तेवढी. कोपऱ्यात वीतभर उंचीचं स्टेज. आधी ड्रॅग कलाकाराचा, म्हणजे बाईचा वेष करून स्टेजवर येणाऱ्या कलाकाराचा, कॅबरे (गाणी आणि थट्टामस्करी), मग कॅराओके. मागे त्याने तिथून व्हिडिओ कॉल केला होता. स्टेजवरच्या बाई, म्हणजे ते कलाकार, टिकल्यांच्या गाऊनमध्ये गात होते आणि गाता गाता पुढच्या टेबलावरच्या माणसाची टाय सरळ करून देत होते. नंतर सत्तरीच्या पुढचे एक आजोबा काठी बाजूला टेकवून गायला उभे राहिले. शब्द चुकले की सगळा पब शब्द पुरवायचा. आईने तो कॉल मध्येच बंद करू दिला नाही.

भाऊ तिकडे गेला तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. त्याला माणसं मिळाली ती याच पबमध्ये. आजारी पडला तेव्हा डबा घेऊन येणारी तीच, घर बदलताना सामान उचलणारीही तीच. म्हणून मला तिथे नीट जायचंय. काहीतरी अजब बघायला आलेल्या दोन बायका असं कुणाला वाटू नये. भावाला विचारलं की म्हणतो, "ताई, तू ये फक्त, बाकी मी बघतो." त्याने माझं काम होत नाही, म्हणून इथे विचारते.

आम्ही दोघी दारू घेत नाही. पबमध्ये जाऊन न पिता बसणं त्यांना खटकतं का? तिथे काय मागायचं असतं आणि कसं? आई इरकल नेसणार हे ठरलेलं आहे, त्यात बदल होणार नाही. मी काय घालावं?

कलाकाराला पैसे द्यायची पद्धत आहे का? मोडनिंबच्या कला केंद्रात दौलतजादा होतो, म्हणजे लावणी करणारीवर पैसे उधळतात, हे इकडच्या सगळ्यांना ठाऊक आहे. इंटरनेटवर अमेरिकेतल्या क्लिपांमध्ये लोक ड्रॅग कलाकारांना नोटा देताना दिसतात. लंडनला तसं करायचं की तो अपमान होईल?

भाऊ म्हणतो, ते पुढे बसलेल्यांची फिरकी घेतात. मला चालेल. आईला इंग्रजी कळतं थोडं, पण झटकन नाही. तिला सगळ्यांसमोर काही विचारलं तर ती गोंधळेल का, हीच काळजी.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. मला त्या कलाकारासाठी नऊवारी शिवून न्यायची आहे. पुरुषांसाठी मी शिवलेल्या आहेत, लावणी करणारी मुलं माझ्याकडे येतात. पण अनोळखी कलाकाराला परक्या देशातली बाई वेष आणून देते, हे त्यांना कसं वाटेल? आगाऊपणा तर नाही ना?

शेवटचं गाण्याचं. इथल्या कॅराओके ग्रुपमध्ये मी नियमित गाते, त्यामुळे माइकची भीती नाही. पण त्यांच्या मशीनमध्ये मराठी कुठून असणार? मला एक लावणी गायची आहे.

आणि शेंगाचटणी न्यावी का? भाऊ घरासाठी मागतोच, पण त्या पबमधल्या मंडळींनाही द्यावी असं आईला वाटतं.

थेम्सकाठी

ताई, मी मूळची अक्कलकोट रोडची, आता बरीच वर्षं दक्षिण लंडनमध्ये. तुम्ही विचारलंत त्यातलं जे मला माहीत आहे ते सांगते.

पबमध्ये वेटरची वाट बघायची नाही. काउंटरवर जायचं, मागायचं, तिथेच पैसे द्यायचे आणि ग्लास आपणच टेबलावर आणायचे. मित्रमंडळी असली की एकेक जण आळीपाळीने सगळ्यांसाठी आणतो. तुम्ही पीत नसलात तरी एक फेरी तुम्ही आणा, त्याने भावाच्या मित्रांना फार बरं वाटेल. स्वतःसाठी 'लाइम अँड सोडा' मागा, सगळीकडे मिळतो आणि स्वस्त असतो. न पिणाऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

नोटा उधळू नका. इथे बहुतेक ठिकाणी कलाकाराला पबकडून ठरलेलं मानधन असतं. फार आवडलं तर कार्यक्रमानंतर "तुम्हाला एक ड्रिंक पाजू का?" असं विचारायची पद्धत आहे. खरी दाद म्हणजे टाळ्या आणि ओरडा. गाणं चालू असताना आपापसात गप्पा मारत बसणं मात्र फार वाईट दिसतं.

फिरकी घेतात हे खरं. हजरजबाबीपणा हीच त्यांची कला आहे, पुढची रांग त्यासाठीच असते. आईंना भिंतीकडेच्या टेबलावर बसवा आणि भावाला आधीच कलाकाराच्या कानावर घालायला सांगा. चांगला कलाकार म्हाताऱ्या माणसाला अवघडल्यासारखं होऊ देत नाही. स्टेजवर वेषात असताना त्यांना 'ती' म्हणतात, त्यांच्या रंगमंचावरच्या नावाने हाक मारतात. वेष उतरवल्यावर कसं बोलवायचं ते त्यांनाच विचारावं. आणि ड्रॅग कलाकार म्हणजे तृतीयपंथी असं गृहीत धरू नका. कुणी असूही शकतं, पण ड्रॅग ही रंगमंचावरची कला आहे. बालगंधर्वांचं स्त्रीपार्ट ज्यांनी डोक्यावर घेतलं त्या महाराष्ट्राला हे समजायला जड जाऊ नये.

चटणीबद्दल मात्र सावध राहा! इकडे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी पुष्कळांना असते आणि काहींच्या ती जिवावर बेतते. पबमध्ये डबा उघडून फिरवू नका. बंद पुड्या करा, वर ठळक 'पीनट' लिहा आणि विचारून ज्याच्या त्याच्या हातात द्या.

अजून एक. जुन्या पबांची स्वच्छतागृहं बऱ्याचदा तळघरात असतात, जिना अरुंद आणि उभा. आईंचे गुडघे दुखत असतील तर भावाला आधी विचारून घ्या.

जमलं तर एखाद्या दुपारी त्यांना व्हॉक्सहॉलची 'रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न' हा जुना गे पब बाहेरून तरी दाखवा. तिथे कॅबरेची परंपरा कित्येक दशकांची आहे. जानेवारी १९८७ मध्ये पोलिसांनी रबरी हातमोजे घालून तिथे धाड घातली होती. एड्सच्या भीतीचा काळ होता, या माणसांना हात लावायलाही पोलीस घाबरत होते. लिली सॅव्हेज या नावाने कार्यक्रम करणारे पॉल ओग्रेडी तेव्हा तिथेच होते, त्यांनाही धरून नेलं. पुढे ते ब्रिटिश टीव्हीवरचे घराघरातले लाडके झाले. २०१५ मध्ये त्याच इमारतीला वारसा म्हणून सरकारी संरक्षण मिळालं. सोहोमध्ये 'अ‍ॅडमिरल डंकन' म्हणून छोटासा गे पब आहे. ३० एप्रिल १९९९ ला एका द्वेष्ट्याने तिथे खिळ्यांचा बॉम्ब ठेवला, तीन माणसं गेली. पब पुन्हा उघडला आणि आजही तिथे ड्रॅग कॅबरे होतो. हे माहीत असलं की अशा जागेतल्या धमालीकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो.

दक्षिण_कसबा

टाका ताई, मी सोलापुरातच राहतो. गे आहे, घरी सांगितलेलं नाही.

एकच गोष्ट सांगायची आहे, फोटोंची. स्टेजवरच्या कलाकाराचा फोटो विचारून काढा, ते बहुधा हो म्हणतात. पण प्रेक्षकांकडे कॅमेरा फिरवू नका आणि काढलेलं काहीही नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकू नका. लंडनच्या पबमध्येही शिकायला गेलेली आपल्याकडची मुलं असतात, त्यांच्या घरी माहीत असेलच असं नाही. एक फोटो फॉरवर्ड होत होत सोलापूरच्या नवी पेठेत पोचायला संध्याकाळ लागत नाही. मागच्या टेबलावर बसलेल्या पोराचं त्यात काय होईल याचा विचार आपण करायचा.

बाकी तुमचा धागा मी पुन्हा पुन्हा वाचला. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल आला तेव्हा मी दाराला कडी लावून बातम्या बघत होतो, आवाज बंद करून. गुन्हा असणं त्या दिवशी संपलं. पण शुक्रवारी संध्याकाळी जाऊन बसावं, कुणी नावाने हाक मारावी, अशी जागा कोर्टाच्या निकालाने मिळत नाही. पुण्यात २०११ पासून प्राइड, म्हणजे आमच्यासारख्यांची मिरवणूक, निघते. आमच्यासाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट तर त्याच्याही आधी सुरू झाला होता. मी पहाटेच्या गाडीने पुण्याला जातो आणि रात्रीच्या गाडीने परत येतो. इथे आम्ही काही जण भेटतो ते कुणाच्या तरी खोलीवर, खिडक्या लावून. तुमच्या भावाला ती जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. नऊवारी जरूर न्या.

सूर_पट्टी

कॅराओकेचं मी सांगतो, इथल्या हॉलमधल्या कार्यक्रमांना ट्रॅक आणि साउंड मीच बघतो.

पबच्या मशीनवर मराठी नसेल हे धरूनच चला. ट्रॅक मोबाइलमध्ये डाउनलोड करून न्या, शिवाय पेन ड्राइव्हवरही ठेवा. पबच्या तळमजल्यावर नेट रडतं, ऐनवेळी यूट्यूबच्या भरवशावर राहू नका. संयोजकाला त्या दिवशी लवकर भेटून 'माझा स्वतःचा ट्रॅक आहे' सांगा. बहुतेकांकडे केबल असते. तिथे चिठ्ठीवर नाव आणि गाणं लिहून द्यायचं, नंबराप्रमाणे बोलावतात.

पट्टी घरीच बदलून न्या. लावणीचे मूळ ट्रॅक उंच असतात. तुमची पट्टी काळी चार असेल तर दोन सूर खाली घेतलेला ट्रॅक वेगळा सेव्ह करा. कोबेच्या दाइसुके इनोउए यांनी १९७१ मध्ये सुरुवातीच्या कॅराओके यंत्रांपैकी एक बनवलं ते बारमधल्या गिऱ्हाइकांसाठीच. ते स्वतः अशा लोकांच्या साथीला वाजवायचे, ज्याच्या त्याच्या गळ्याला झेपेल तसं. म्हणजे पट्टी खाली घेण्यात कमीपणा काही नाही, मुळात तो खेळच त्यासाठी आहे.

आणि लांबी बघा. सुरुवातीचा ढोलकीचा तुकडा एक मिनिटाचा असेल तर कापून टाका. शब्द न कळणारे श्रोते ठेक्यावर येतील, पण मुखडा लवकर आला पाहिजे.

टाका_टाचणी

सगळ्यांचे मनापासून आभार.

थेम्सकाठी, पिशवीभर पुड्या करायला घेतल्यात, प्रत्येक पुडीवर मोठ्या अक्षरात 'पीनट'. जिन्याचं विचारलं. तळघरातच आहे, पण पबवाल्यांनी आईसाठी वरची कर्मचाऱ्यांची खोली उघडून देऊ असं सांगितलंय. टेबलही भिंतीकडेचं ठरलं. आईला धाडीची गोष्ट वाचून दाखवली. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "हातमोजे घालून?" आणि मग त्या टॅव्हर्नला नक्की जायचं म्हणाली.

दक्षिण_कसबा, फोटोंचं मी आईला बसवून समजावलं. तिने पर्समध्ये फोन न्यायचाच नाही असं ठरवलंय. आणि भाऊ, माझं दुकान रविवारी बंद असतं. मागच्या खोलीत शिलाई मशीन सरकवली की सतरंजीवर सात-आठ माणसं आरामात बसतात, स्पीकर आणि माइक माझ्याकडे आहेतच. दार मागच्या बोळात उघडतं. तुम्ही ज्यांना भेटता त्यांना विचारून बघा. खिडक्या उघड्या ठेवायच्या की लावायच्या ते तुम्ही ठरवा, चहा माझा. मला व्यक्तिगत निरोप करा.

नऊवारीचं भावामार्फत विचारलं. कलाकाराने आवाजी निरोप पाठवला, इतका लांबलचक की आईने दोन वेळा ऐकला. हवी आहे म्हणतात, आणि काष्ट्याची हवी. मापं मागवली. कुणाला पुढेमागे असं शिवायचं असेल तर लिहून ठेवते: ड्रॅग कलाकार कमरेला कॉर्सेट आवळतात आणि सीटवर पॅड बांधतात, म्हणून नुसत्या अंगावरची मापं घेऊन चालत नाही. सगळं बांधून, टाचांचे बूट घालून मापं घ्यायची. उंची त्यातच चार बोटं वाढते. ब्लाउजचा मुंढा खोल लागतो, नाहीतर हात वर केला की बाही उसवते. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात वेष बदलायला त्यांना मिनिटभर मिळतं, म्हणून हुक आणि नाडी दोन्ही काढून कमरेला रुंद वेल्क्रो लावतेय, ओचा आधीच टाचून. पदर खांद्याला प्रेस बटणावर. कापड हिरव्या काठाचं जांभळं घेतलंय, स्टेजच्या दिव्यात जांभळं खुलतं.

आता एकच राहिलंय. भावाचे मित्र म्हणतात, लावणीच्या ध्रुपदाला आम्ही कोरस देणार. त्यांना शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून द्यायचेत. 'ळ' आणि 'ण' मी कसा लिहिला तर त्यांच्या तोंडून बरोबर येईल? ज्यांनी परदेशी मंडळींकडून मराठी गाणं बसवून घेतलंय त्यांनी सांगा, पुढच्या आठवड्यात कागद पाठवायचा आहे.