स्टिल्ट (इमारतीखालच्या खांबांमधल्या) पार्किंगमध्ये सकाळी गाड्या चालू ठेवण्याबद्दल (सोसायटी ग्रुप, पुणे)

बी-१०१ मानसी, सकाळी ६:५२
सुप्रभात. एक विनंती होती. आमच्या बेडरूमची खिडकी बरोबर पार्किंगवर येते. थंडी पडल्यापासून सहा-सव्वासहाला कोणीतरी गाडी चालू करून ठेवतं आणि ती दहा-पंधरा मिनिटं तशीच घुरघुरत असते. ती गेली की दुसरी. खिडकी लावून घेतली तरी धूर आत येतो. घरात आठ महिन्यांचं बाळ आहे. कोणाचं नाव घेत नाही, पण हे थांबलं तर बरं होईल.

ए-४०२ गोखलेकाका, ६:५८
नाव घ्या की. पहिली गाडी माझीच असते. इंजिन गरम झाल्याशिवाय गाडी काढायची नाही, हे मी मारुती ८०० घेतली तेव्हापासून पाळतोय. आजवर इंजिनचं काम निघालेलं नाही.

बी-५०४ साळुंखे, ७:०१
काकांना अनुमोदन. रात्रभर ऑइल खाली उतरलेलं असतं. ते वर चढायला वेळ द्यावाच लागतो.

सी-२०३ तेजस, ७:०३
दादा, ऑइल वर चढायला काही सेकंद लागतात. पंधरा मिनिटं नाही.

ए-४०२ गोखलेकाका, ७:०४
तेजस, तू चोक ओढलायस का कधी आयुष्यात? ८००चा चोक न ओढता निघालं की गेटपर्यंत दोनदा बंद पडायची.

सी-१०५
हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

सी-३०३ शिंदे, ७:२०
काका ८००बद्दल सांगतायत ते अगदी बरोबर आहे. माझी सगळी नोकरी चिंचवडला इंजिन टेस्टिंगमध्ये गेली, त्यामुळे जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

जुन्या गाड्यांतला कार्ब्युरेटर हवेच्या ओढीवर पेट्रोल देतो, बाकी त्याला काही कळत नाही. इंजिन गार असलं की पेट्रोलची धड वाफ होत नाही. बरंचसं थेंबाथेंबाने इनटेकच्या (हवा आत नेणाऱ्या नळीच्या) भिंतींना चिकटून राहतं आणि सिलिंडरला उपाशी ठेवतं. म्हणून चोक ओढायचा, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त. चोक लवकर आत ढकलला की गाडी बंद. त्या गाड्या उभ्या ठेवून गरम कराव्याच लागायच्या.

पुढे २०००च्या सुमाराला कारमध्ये एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारं इंजेक्शन, रुळलं. दुचाकींना १ एप्रिल २०२०च्या बीएस-६ या धुराच्या नियमांमुळे इंजेक्शनवर यावं लागलं. आता कूलंट (इंजिनाभोवती फिरणारं पाणी) किती गार आहे ते सेन्सर सांगतो आणि त्या हिशेबाने ईसीयू, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो. सकाळी स्टार्ट केल्यावर आरपीएमचा काटा बाराशेच्या वर दिसतो आणि हळूहळू आठशेपर्यंत उतरतो, तो याचमुळे. काका, चोक अजूनही आहे, फक्त तुमच्या हातात नाही.

ए-४०२ गोखलेकाका, ७:२४
ते ठीक. पण गरम केल्याने नुकसान काय? पेट्रोल माझं जातं.

सी-३०३ शिंदे, ७:३३
पेट्रोल जातंच. छोटी कार नुसती उभी राहून तासाला पाऊण लिटरच्या आसपास पिते. रोजची पंधरा मिनिटं धरा, महिन्याला साडेपाच लिटरच्या आसपास झाले.

पण मला पेट्रोलपेक्षा ऑइलची काळजी वाटते. उभ्या इंजिनावर भार नसतो, त्यामुळे ते तापायलाच खूप वेळ घेतं. तोवर ईसीयू जास्तीचं पेट्रोल देतच राहतो. त्यातलं काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं, पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरतं आणि खालच्या चेंबरमधलं ऑइल पातळ करतं. झीज जास्त होते ती इंजिन गार असताना. आपण उभं राहून तो गार काळच लांबवतो.

लाल ऑइलचा दिवा विझला, सीटबेल्ट लावला, आरसे बघितले, की निघायचं. पुढचे दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवायची, आरपीएम अडीच हजारांच्या आत. भार पडला की इंजिन झपाट्याने तापतं. शिवाय गिअरबॉक्स, बेअरिंग, टायर हे उभ्या गाडीत तासभर थांबलात तरी गरम होणार नाहीत.

बी-५०४ साळुंखे, ७:३६
साहेब, सकाळी सायलेन्सरमधून पाणी गळतं. ते वाळावं म्हणून मी चालू ठेवतो.

सी-३०३ शिंदे, ७:४०
ते पाणी बाहेरून आलेलं नाही, पेट्रोल जळूनच तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी होतं. एरवी ते वाफ होऊन निघून जातं, गार सायलेन्सरमध्ये मात्र त्याचे थेंब होतात. दहा मिनिटं चालवून बंद केलीत तर ते आतच साचतं आणि सायलेन्सर आतून गंजतो. वाळवायचाय तर सिंहगड पायथ्यापर्यंत जाऊन या.

बी-५०४ साळुंखे, ७:४१
आणि डिझेलचं?

सी-३०३ शिंदे, ७:४६
चावी फिरवली की वेटोळ्याचं चिन्ह दिसतं ना, तो ग्लो प्लगचा दिवा. तो विझेपर्यंत थांबायचं, मग स्टार्ट. पुण्याच्या थंडीत दोन-चार सेकंदांचं काम आहे. टर्बोला (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याला) जपायचं ते बंद करताना. एक्स्प्रेसवेने घाट चढून लोणावळ्याला आलात की लगेच चावी काढू नका. अर्धा-एक मिनिट आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) राहू द्या, टर्बोतून ऑइल फिरून तो जरा निवतो. तिथे कोणी थांबत नाही, वडापावाची घाई असते.

बी-३०२ तांबोळी, ७:५०
माझी सीएनजी आहे. पेट्रोलवर स्टार्ट होते आणि गरम झाली की गॅसवर जाते. फुकट पेट्रोल जाऊ नये म्हणून गॅसवर जाईपर्यंत मी पार्किंगमध्येच उभा राहतो.

सी-३०३ शिंदे, ७:५२
तांबोळीसाहेब, पेट्रोल वाचवायला उभे राहता आणि तेवढा वेळ पेट्रोलच जाळता. चालवत निघा, ती चालता चालता गॅसवर जाईल.

सी-१०२ डॉक्टर, ७:५८
इंजिनातलं मला कळत नाही, धुराचं सांगते. आपलं स्टिल्ट तिन्ही बाजूंनी उघडं आहे म्हणून निभावतं. सी विंगच्या बेसमेंटमध्ये मात्र कोणी गाडी चालू ठेवून उभं राहू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त जोराने धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं पित्त झालं. बंद शटरच्या गॅरेजमध्ये माणसं अशी गेलेली आहेत.

सी-३०३ शिंदे, ८:०२
त्यात भर घालतो. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. म्हणजे दिवसातला सगळ्यात घाणेरडा धूर १०१च्या खिडकीखाली निघतो.

ए-३०४ सुलभाताई, ८:१०
आमची लेक विनिपेगला असते. तिथे उणे तीसला गाडी रात्री प्लगला लावून ठेवतात. इंजिनातच हीटर असतो, पार्किंगमध्ये त्यासाठी विजेचे पॉइंट दिलेले असतात.

ए-४०२ गोखलेकाका, ८:११
सुलभाताई, पॉइंटचा विषय काढू नका. ईव्ही चार्जिंगचाच ठराव अजून पास व्हायचाय.

बी-२०४ नेहा, ८:१५
फक्त आपल्याच गाड्या का? गेटसमोर शाळेची बस पण दहा मिनिटं चालू असते. ड्रायव्हरकाका म्हणतात हवा भरावी लागते.

सी-३०३ शिंदे, ८:२१
मोठ्या बसचे ब्रेक हवेवर चालतात हे खरं. रात्रभरात टाकीतली हवा उतरते आणि प्रेशर आल्याशिवाय पार्किंग ब्रेक सुटतच नाही. तेव्हा इंजिन चालू ठेवावंच लागतं. पण ते जिथे रात्री बस लावतात तिथे. आपल्या गेटला ती चार सोसायट्या फिरून येते, हवा भरलेलीच असते. बॅटरी वीक असणार, बंद केली तर परत सेल्फ लागायचा नाही म्हणून बंद करत नसेल. शाळेला बॅटरीचं विचारा.

ए-१०३ कुलकर्णी, ८:२६
बॅटरीवरून आठवलं. आम्ही मुलाकडे गेलो की वॉचमन दर रविवारी आमची गाडी पाच मिनिटं चालू करून बंद करतो. ते बरोबर ना?

सी-३०३ शिंदे, ८:२९
नाही. स्टार्टरने ओढलेला करंट पाच मिनिटांच्या आयडलमध्ये भरून निघेलच असं नाही, आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते वेगळंच. कोणाकडून तरी अर्धा तास फिरवून आणा. जास्त दिवस जाणार असाल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

सेक्रेटरी (ए-२०१), ८:४०
चर्चा चांगली झाली. ध्वनी प्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल आहे, तेव्हा सहाच्या आत स्टार्ट करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. "स्टिल्ट व बेसमेंटमध्ये वाहन विनाकारण चालू ठेवू नये" अशी नोटीस लावतो. हरकत असल्यास आज कळवावे.

ए-४०२ गोखलेकाका, ८:४४
"विनाकारण" शब्द काढा. प्रत्येकाकडे कारण असतं. सरळ एक मिनिट लिहा. पट्टा लावून चष्मा सापडेपर्यंत माझं तेवढं होतंच.

सेक्रेटरी (ए-२०१), ८:४५
एक मिनिट लिहितो.

ए-४०२ गोखलेकाका, ८:४७
पण माझ्या जुन्या चेतक स्कूटरचं काय? कार्ब्युरेटरवाली, टू-स्ट्रोक. आडवी करून किक मारल्याशिवाय उठत नाही, उठली की पाच मिनिटं चोकवर ठेवावी लागते.

सी-३०३ शिंदे, ८:४९
चेतकला चोक लागणारच. बंद अवस्थेत गेटबाहेर न्या, तिथे स्टार्ट करा. धूर बघून कोणीतरी अग्निशमनला फोन करेल एवढंच.

बी-१०१ मानसी, ८:५१
काका, चेतक काढता कधी?

ए-४०२ गोखलेकाका, ८:५२
रविवारी आठला, मंडईत जायला.

बी-१०१ मानसी, ८:५३
मग असू दे काका, बाळ सातलाच उठतं. फक्त आमच्या खिडकीखाली नको, जनरेटरच्या बाजूला लावा.