दाण्यांनी कबुतरंच येणार

बाल्कनीत पक्षी यावेत म्हणून काय करावं या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की बाजरी-तांदूळ ठेवा, पक्षी आपोआप येतील. येतील हो, पण मुंबईत ते पक्षी म्हणजे कबुतरं, आणि एकदा ती एसीच्या मागे घुसली की जाळी लावणं आलंच, म्हणजे बाकीच्यांचाही रस्ता बंद. फुलांतल्या रसासाठी पक्षी येतात म्हणून पळस-पांगाऱ्याचं जे कौतुक इथे चाललंय ते मात्र एकदम मान्य, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोरिवलीच्या नॅशनल पार्कात फुललेल्या काटेसावरीखाली उभं राहून बघा, मैना, बुलबुल, कावळे सगळे एकाच झाडावर भांडत असतात, दाणे कोण विचारतो तिथे!

आता कुंडीत काटेसावर तर लावता येणार नाही, मग साधी लाल जास्वंद, एक्झोरा, हमेलिया असलं काहीतरी लावा. आमच्याकडे जास्वंदीवर शिंजीर (फुलांतला रस पिणारा इवलासा पक्षी) येतो तो बऱ्याचदा समोरून फुलात शिरतच नाही, देठाजवळ बुडाशी चोच खुपसून भोक पाडतो आणि तिथूनच रस ओढतो, फूल नीट बघितलं तर बारीक चीर दिसते. आणि इथे कुणी बोललंच नाही ती गोष्ट म्हणजे कोळ्याची जाळी. शिंजिराची मादी लोंबतं घरटं विणते ते कोळ्याच्याच धाग्यांनी, कधीकधी चक्क कपड्यांच्या दोरीला, शिवाय पिल्लांना नुसत्या रसावर भागत नाही, त्यांना कोळी आणि किडे भरवावे लागतात. त्यामुळे झाडावर मिलीबग (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) दिसला की लगेच औषध फवारू नका, साबणाच्या पाण्याने पुसून काढा, आणि कोपऱ्यातली एखाददुसरी जाळी राहू द्या, घरचे कितीही ओरडले तरी.