विंडोज १० चे अपडेट थांबले म्हणून धडधाकट लॅपटॉप भंगारात का द्यायचा?

खटपट्या
विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. माझा लॅपटॉप २०१६ चा: सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, बिजागरीसुद्धा अजून घट्ट. पण विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणून तपासणीत नापास. दुकानदाराचं एकच उत्तर, "नवीन घ्या."

मी लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत प्रणाली) पेनड्राइव्हवर घेतलं. आधी इन्स्टॉल न करता तिथूनच चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा बघितला, मगच डिस्कवर टाकलं. आता आई त्यावर बँक, रेल्वेची तिकिटं, व्हिडिओ कॉल सगळं फायरफॉक्समध्ये करते. मराठी टायपिंगची धास्ती होती, पण इनस्क्रिप्ट कीबोर्डची मांडणी विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे सारखीच. 'दुसऱ्या' लिहायला शिफ्ट-जे ने 'ऱ', मग हलन्त, मग 'या'. आईची बोटं पहिल्याच दिवशी बरोबर पडली. घरी असं जुनं मशीन असेल तर ते टाकू नका, एवढंच माझं म्हणणं.

जमाखर्च
असहमत. ब्राउझरपुरतं काम असलेल्यांचं ठीक आहे. आमच्याकडे हिशेबाला टॅली आहे, ते विंडोजवरच चालतं. वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवून बघा असं कोणीतरी सांगेलच, पण ३१ मार्चच्या रात्री माझ्याकडे प्रयोगाला वेळ नसतो. रिटर्न भरायला डिजिटल सहीचं टोकन लागतं. आमच्या टोकनचा ड्रायव्हर लिनक्सवर बसवताना मी अख्खा रविवार घालवला आणि शेवटी विंडोजवरच सही केली.

आणि तुमच्या आईला तुम्ही आहात. माझे काका तालुक्याला एकटे दुकान सांभाळतात. मशीन अडलं तर तिथला दुरुस्तीवाला लिनक्स बघून हात वर करतो.

वेलांटी
मी डीटीपी, म्हणजे छपाईसाठी पानं मांडायचं काम करते. पंधरा वर्षांच्या पत्रिका, स्मरणिका, अहवाल युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर सारखी दिसणाऱ्या अक्षरांची प्रमाण पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट मशीनवर नसला की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. त्यात फायली पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे लिनक्सवर जशाच्या तशा उघडतील याची खात्री नाही. शिवाय माझा हात टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर बसलाय. इनस्क्रिप्ट सारखीच असली तरी मला तिचा काय उपयोग?

खटपट्या
@वेलांटी, तुमच्यासाठी विंडोजच बरोबर. त्या मशीनला हात लावू नका, जमलं तर इंटरनेटपासून तोडून ठेवा. पण नवीन कामं तरी युनिकोडमध्ये करा. आज जुन्या फॉन्टमध्ये केलेली स्मरणिका दहा वर्षांनी कोणत्याच मशीनवर धड वाचता येणार नाही, याची मला खरंच काळजी वाटते.

रात्रपाळी
एवढी घाई कशाला? नोंदणी केली तर घरगुती विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. नाहीतर तपासणीला बगल देऊन विंडोज ११ टाका. माझ्या सातव्या पिढीच्या मशीनवर छान चालतंय.

खटपट्या
नोंदणीचं पटलं, ज्यांना वेळ हवा त्यांनी करावीच. बगल देण्याला मात्र माझा विरोध. अशा मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. स्वतःच्या मशीनवर काहीही करा, पण ज्या मशीनवर आई बँकेचा पासवर्ड टाकते तिथे मी ते करणार नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

जमाखर्च
ऑफिसबद्दल माझं मत तेच आहे. पण गोदामात एक जुना पीसी आहे, त्यावर फक्त ई-मेल आणि मालवाहतुकीचं ई-वे बिल होतं. तिथे पेनड्राइव्हवरून चालवून बघतो. प्रिंटर डॉट मॅट्रिक्स आहे, तो चालला नाही तर विषय संपला.

खटपट्या
आधी प्रिंटर ९-पिन आहे की २४-पिन ते बघून घ्या. प्रिंटर जोडताना दिसणाऱ्या यादीत मॉडेल सापडलं नाही तर एप्सनच्या खाली त्या पिनची जेनेरिक सिरीज निवडा आणि एक बिल छापा. रकाने सरकले तर फोटो टाका, बघू.