अनुभव धागा : मुलांना इंग्रजीचे ह्रस्व स्वर कसे शिकवलेत?

मुलगा पहिलीत आहे, मराठी माध्यम, आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. मराठी वाचन जोडाक्षरं सोडली तर बऱ्यापैकी सुटलंय. इंग्रजीत मात्र कॅट, बेड, पिन, पॉट, कप या पाच आवाजांपाशी गाडी अडते. ‘बेड’ लिही म्हटलं की बी-ए-डी लिहितो. ‘पिन’चं पी-ई-एन. खोडून बरोबर करून दिलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरी किंवा वर्गात तुम्ही काय केलंत ते सविस्तर लिहा. ॲपची नावं नकोत, कृती हवी.

सत्तरी तालुका, प्राथमिक शिक्षिका

मला तर तुमच्या मुलाचं कौतुक वाटलं. तो ऐकून लिहितोय, पाठ करून नाही. ‘बेड’मध्ये त्याला ए ऐकू येतो आणि ‘ए’ नावाचं अक्षर त्याच्यापाशी तयार आहे, मग तो तेच लिहिणार. ‘पिन’मध्ये इ ऐकू येते, ‘ई’ नावाचं अक्षर हजर! गोम आहे ती नावांत. पहिल्या अक्षराचं नाव ए, पण कॅटमधला त्याचा आवाज ॲ. पाचव्याचं नाव ई, आवाज ए. नवव्याचं नाव आय, आवाज इ. मराठीत ‘क’चं नावही क आणि आवाजही क, त्यामुळे आपलं मूल नावावर डोळे मिटून विश्वास ठेवतं.

म्हणून मी सुरुवातीला वर्गात अक्षरांची नावं घेतच नाही. अक्षर दाखवायचं आणि आवाज काढायचा, बस. घरी एबीसीडी म्हणवून घेतात, ती गाणं म्हणून म्हणू देत.

क्रमही बघा. बऱ्याच फोनिक्स (अक्षरांच्या आवाजांवरून वाचन शिकवण्याच्या) पद्धतींत एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं आधी येतात. तेवढ्यात सॅट, पॅन, टिन, पिन, नॅप असे पुष्कळ शब्द जमतात. बेडमधला ए मागाहून येतो, तोवर ॲ आणि इ पक्के झालेले असतात. हे तिघं एकाच आठवड्यात घेतले की गोंधळ ठरलेला.

आणि एक. हनुवटीखाली पालथा तळहात ठेवायला सांगा. इ म्हणताना हात जवळजवळ हलत नाही, ए ला जरा खाली जातो, ॲ ला चांगलाच. माझ्या वर्गातली एक मुलगी ‘टेन, टॅन, टेन, टॅन’ म्हणत आपल्या हाताकडेच बघत बसली होती. तिचा कान फसत होता, हात फसला नाही.

म्हापसा, घरी शिकवण्या घेते

बाईंशी सहमत. माझ्याकडे येणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांची अडचण स्वराच्या आधीच सुरू होते. ती प्रत्येक व्यंजनाला अ चिकटवतात. सी-ए-टी दाखवलं की ‘क… ॲ… ट’ म्हणतात आणि जोडायला गेलं की ‘कॲट’ होतं. बाराखडीची सवय आहे, ती काही वाईट नाही, पण इथे आड येते. मी फळ्यावर पाय मोडलेला क् काढते. पाय मोडला की अ पडतो, हे त्यांना मराठीतून ठाऊक असतंच.

सुरुवात मात्र ताणता येणाऱ्या आवाजांनी करा. म्, स्, फ्, न् हे श्वास असेपर्यंत लांबवता येतात. ‘म्‌म्‌म्‌ॲॲट’ म्हणता म्हणता मॅट होतं, मध्ये थांबावं लागत नाही. क्, प्, ट् ताणता येत नाहीत. म्हणजे कॅटच्या आधी मॅट, सॅट, फॅन. पुस्तकं सगळीकडे मांजरानेच सुरुवात का करतात देव जाणे.

वास्को

आमच्या कन्येचं ‘सिट’ नेहमी ‘सीट’ आणि ‘फिश’ ‘फीश’. मला वाटतं मराठीचीच सवय. खीर, पीठ, दूध, फूल, गरीब. शेवटी अ असला की आधीची इकार-उकाराची मात्रा आपण दीर्घ लिहितो, तसंच म्हणतो. तिला बिल, टिप, पिन हे रोजच्या बोलण्यातले शब्द दिले. ते ती आखूडच म्हणते. त्यांच्या शेजारी सिट ठेवलं. सुधारतंय.

पेडणे, आजोबा

नातवाला वाचनाचा सराव म्हणून रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लावू नका, निदान गोव्यात तरी. आमची गावांची रोमन स्पेलिंगं पोर्तुगीज वळणाची. पेडण्याच्या पाटीवर ‘पर्नेम’ वाचून नातू म्हणतो, आजोबा, हे कुठलं गाव? आपण ज्या गावात उभे आहोत तेच, बाबा! डिचोलीच्या पाटीवरून डिचोली, साखळीच्या पाटीवरून साखळी निघणं अवघडच. म्हापसा तर नव्याने फोनिक्स शिकलेलं पोर ‘मॅप-अस-ॲ’ असं वाचतं, आणि त्याचं काही चुकलेलं नसतं.

आमच्या वेळी शाळेत वर्णमालेत ॲ नव्हताच. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात ॲ आणि ऑ स्वरांत धरले गेले. नातवाला तो आयता मिळालाय, तर वापरा की! मी इंग्रजी शब्दातल्या स्वराखाली पेन्सिलने तेवढाच बारीक ॲ किंवा ऑ लिहितो. अख्खा शब्द देवनागरीत लिहून दिला तर पोर इंग्रजीकडे बघतसुद्धा नाही.

फोंडा

थोडं वेगळं मत. पहिलीतल्या पोराला एवढी घाई कशाला? आमच्या घरी कोंकणी बोलतात, शाळेत मराठी, आणि वर इंग्रजी. आधी एका भाषेत वाचनाची गोडी लागू दे.

बाकी एक सांगते, कोंकणी घरातल्या मुलाला ए आणि ओ चे उघडे नि मिटलेले असे दोन्ही उच्चार तोंडात असतात. देवनागरीत ते वेगळे दिसत नाहीत एवढंच. ‘पॉट’मधल्या ऑ साठी आमच्याकडे वेगळी मेहनत घ्यावी लागली नाही.

डिचोली (धागाकर्ती)

ताई, घाई मलाही नाही, पण तो स्वतःच विचारतो, मग गप्प बसवत नाही. बाई, तळहाताचा प्रयोग रात्री जेवताना झाला, आजीसकट. इ, ए, ॲ सुटले असं दिसतंय, पण एक नवीन प्रश्न. बस, कप, मड यांतला अ छान येतो आणि लगेच पुस्तकात ‘पुट’ आलं. त्याने ‘पट’ वाचलं. काय सांगू?

मडगाव

पट वाचलं म्हणजे नियम बरोबर बसलाय, तो मोडू नका. पुट, पुश, पुल, फुल, बुल ही पाच-सहा मंडळी वेगळ्या पानावर लिहा आणि त्यांचा आवाज उ, एवढंच सांगून मोकळे व्हा. कारण विचारलं तर पुढच्या वर्षी सांगू म्हणावं. शेवटी मुका ई येणारे शब्दही, म्हणजे कॅपचं केप, किटचं काइट, सध्या पुस्तकात आले तर तुम्हीच वाचून दाखवा. ह्रस्व स्वर न अडखळता यायला लागले की ते शिकवायला फार वेळ लागत नाही.