तडजोड पट्टीची, पण नेहमीच नाही

जुगलबंदीच्या अल्बममध्ये गायक आणि गायिका असतील तर कुणातरी एकाचा गळा मारला जातो, असं म्हणतात. एका पट्टीत, म्हणजे दोघांनी एकाच उंचीवर सा धरून गायले तर ते खरंच आहे. पुरुषाचा सा पेटीच्या (हार्मोनियमच्या) काळी १ वर आणि बाईचा काळी ४ वर, मधे कुठे बसणार? पण यावर गायक पंडित जसराजांनी मूर्च्छनेचा (सूर तेच ठेवून सा दुसऱ्या सुरावर मानायचा) तोडगा काढला: जसरंगी ही जुगलबंदी. जसरंगीत दोघं आपापल्या पट्टीत, आपापला वेगळा राग गातात. एकाचा मध्यम (म) हा दुसऱ्याचा षड्ज (सा). संजीव अभ्यंकर आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांची जसरंगी ऐकाच.

मला हे नुसतं वाचून कळलं नव्हतं. अमळनेरला क्लासमध्ये आमच्या सरांनी पेटीवर दाखवलं (लाईट गेलेली, इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंद, म्हणून वेळ मिळाला!). काळी १ ला सा धरून काळी १, काळी २, पांढरी ३, काळी ३, काळी ५ वाजवा, हा राग अभोगी. पेटीवरच्या याच पाच पट्ट्या ठेवून काळी ३ ला, म्हणजे अभोगीच्या मध्यमाला सा माना, झाला राग कलावती. एकही सूर बदललेला नाही. मी आणि माझी आतेबहीण दोघांनी लगेच गाऊन पाहिलं. दोन आवर्तनांत मी तिच्या षड्जावर घसरलो ते सोडा.